वाल्याच्या घरची माणसे

आमच्या डोळखांबकडच्या मुलांना दोन आजोबा असतात. एक घरातला आणि एक समोरचा. समोरचा म्हणजे डोंगर. शहापूर तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीची जी भिंत उभी आहे, तिच्यातलाच हा एक अजस्र भाग. पुस्तकांतून त्याला आजापर्वत म्हणतात. आम्ही नुसते आजोबा म्हणतो. डेहण्याहून रानातून वर चढत गेले की वाल्मीकीचा आश्रम लागतो आणि त्याच्याही वर एका कपारीत सीतेचा पाळणा दाखवतात. लव आणि कुश इथे वाढले, ते वाल्मीकीला आजोबा म्हणत, म्हणून डोंगराचे नाव आजोबा, अशी आमच्याकडची समजूत आहे. वाल्मीकीचे आश्रम भारतात आणखीही पुष्कळ ठिकाणी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण माहेरच्या बाबतीत बाईने फार चिकित्सा करू नये.

अशा गावात आजीची पहिली गोष्ट वाल्या कोळ्याची असणार, हे उघडच आहे. तुम्हांलाही ती पाठ असेल. वाटमारी करणारा वाल्या. एक माणूस मारला की रांजणात एक खडा, असे सात रांजण भरलेले. मग नारद भेटतात आणि विचारतात, बाबा रे, ज्यांच्यासाठी तू हे पाप करतोस, ती घरची माणसे त्यात वाटेकरी होतील का? वाल्या नारदांना झाडाला बांधून घरी धावतो. बायको म्हणते, आम्हांला पोसणे तुझे काम. ते कसे करतोस ते तुझे तू पाहा. आईबाप, मुले, सगळी तेच सांगतात. वाल्याचे डोळे उघडतात, आणि मग ते 'मरा मरा', ते वारूळ आणि तो वाल्मीकी. आजी 'मरा मरा' भरभर म्हणत त्याचे 'राम राम' करून दाखवी आणि आम्ही भावंडे खिदळत असू.

सात-आठ वर्षांची असताना मी एकदा मध्येच विचारले, "पण मग त्या रात्री वाल्याच्या बायकोनं काय रांधलं?"

"म्हणजे गं?"

"घरातला भात तर त्यानंच लुटून आणलेला होता ना? तो तिनं टाकून दिला का?"

"गोष्टीत असलं काही विचारायचं नसतं," आजी म्हणाली आणि वारुळाकडे वळली. पडवीत तंबाखू मळत बसलेल्या आजोबांनी मात्र मळायचे थांबवून माझ्याकडे पाहिले. ती नजर मला पुढे कित्येक वर्षांत आठवली नाही. आठवली ती कशी, त्याचीच ही हकिकत.

मी मराठी घेऊन एम. ए. झाले आणि लोकलच्या वाटेवरच्या एका शहरात कॉलेजात शिकवू लागले. जुने वाङ्मय शिकवणाऱ्याला फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ला टाळून जाता येत नाही. एक इंग्रज माणूस गोव्यात येतो काय, आमची ओवी उचलतो काय आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण रचतो काय! १६१६ साली रायतूरला ते रोमन लिपीत छापले गेले; त्याची बंडेलूंनी केलेली देवनागरी आवृत्ती यायला १९५६ साल उजाडले. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, आणि त्या कथेत येणाऱ्या तारकाची चाहूल लागलेले ते सगळे जुने द्रष्टे. वर्गात कोणी तरी हमखास विचारते, "बाई, म्हणजे हे लोक ज्योतिषी होते का?"

मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. शब्दानेच तो घोटाळा केला होता. जुन्या मराठी ख्रिस्ती पुस्तकांत या माणसांना 'भविष्यवादी' म्हटलेले असते. आता 'संदेष्टा' हा शब्द रूढ आहे. दोन शब्दांत केवढे अंतर आहे पाहा! भविष्यवादी काय होणार ते सांगतो. संदेष्टा निरोप आणतो. निरोप्याला उत्तराची वाट पाहावी लागते. ज्योतिष्याला ती नसते. आता हा अंक हाती पडल्यावर आपल्यापैकी कितीजणांनी आधी वार्षिक राशिभविष्य काढले, हे मी विचारणार नाही. मी स्वतः काढते. माझी रास कन्या आणि कन्येला गेली पाच वर्षे धनलाभ आहे. पण त्या भविष्याने माझ्याकडून कधी काही मागितलेले नाही, हा त्याचा मोठा गुण मान्य केलाच पाहिजे.

आमच्या स्टाफरूममध्ये इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आहेत. वसईकडच्या, कॅथलिक, घरात सामवेदी बोलणाऱ्या. त्यांचे एक काका धर्मगुरू होते आणि त्यांच्या मांडीवर बसून बाईंनी बायबल ऐकले आहे. माझा ज्योतिषाचा घोटाळा ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही योना वाचा हो आधी. चार पानांचं पुस्तक आहे."

वाचले, आणि तेव्हापासून योना हा माझा बायबलातला आवडता माणूस झाला आहे. निनवे हे अश्शूरांचे शहर; आजच्या इराकात मोसूलजवळ त्याचे अवशेष आहेत. अश्शूर म्हणजे इस्राएलचे कर्दनकाळ. त्या शहरात जाऊन निरोप दे, असे देव योनाला सांगतो, तर हा गृहस्थ नेमके उलट्या दिशेला, तार्शीशला जाणारे गलबत पकडतो. पुढचे वादळ आणि माशाच्या पोटातले तीन दिवस सर्वांना माहीत असतात, आणि बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. खरी मौज पुढे आहे. नाइलाजाने योना निनवेला जातो आणि जाहीर करतो की, चाळीस दिवसांनी हे शहर उलथे होणार. आणि काय आश्चर्य, लोक ऐकतात! राजा सिंहासनावरून उतरून गोणपाट नेसतो, राखेत बसतो, माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडतो. लोक आपले वाईट मार्ग सोडतात. मग देव आपला बेत रद्द करतो. चाळीस दिवस होतात आणि काहीही होत नाही.

भविष्य चुकले! ज्योतिष्याचे भविष्य चुकले तर त्याची नाचक्की. इथे मात्र ते चुकावे म्हणूनच सांगितलेले होते. ती मुदत म्हणजे फाशीची तारीख नव्हतीच, परत फिरायला दिलेले ते चाळीस दिवस होते. योना मात्र संतापतो. देव दयाळू आहे हे मला आधीच माहीत होते, म्हणून तर मी पळालो, अशी त्याची तक्रार! शहराबाहेर जाऊन तो रुसून बसतो. देव त्याच्यावर एका वेलाची सावली धरतो आणि दुसऱ्या दिवशी कीड लावून तो वेल सुकवतो. वेलासाठी योना हळहळतो तेव्हा देव त्याला विचारतो की, एका रात्रीत आलेल्या वेलाचे तुला एवढे, मग उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि इतकी जनावरे असलेल्या शहराचे मला काहीच वाटू नये का? पुस्तक या प्रश्नावरच संपते. योनाचे उत्तर नाही.

मला तो आवडतो, कारण तो प्राध्यापकासारखा वागतो. हा मुलगा यंदा नापास होणार, असे आपण स्टाफरूममध्ये चारचौघांत सांगून बसावे आणि तो पास व्हावा. आपल्याला आनंद होतो, नाही असे नाही, पण त्याच्या आधी क्षणभर थोडे अपमानित वाटतेच.

इथपर्यंत सगळे साहित्याच्या गोडीने चालले होते. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, तरी भाऊबीजेच्या दिवसांत मी आईसाठी डोळखांबला गेले. वारसाची नोंद करायची होती म्हणून धाकट्या भावाने माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. जुने सातबारे, दस्ताच्या पावत्या, एक फुटका चष्मा. तळाशी एक फडक्याची पुडी निघाली. सोडली तर आत चांदीचे दोन गोठ. जाड, काळे पडलेले, आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेले. सोबत आजोबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी: एका बाईचे नाव, ठाकरपाड्याचे नाव, 'खावटी भात दोन मण' आणि 'श्रावण, ७२'. मागच्या बाजूला पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. मी उगाच मोजल्या. सव्वीस.

"आजोबांचा काही हिशेब असेल," भाऊ म्हणाला.

"आई, हे काय गं?"

आई दारातून म्हणाली, "जुनं आहे. ठेवा परत."

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे एकच पीक, भात. श्रावण-भाद्रपदात आवणी झालेली असते आणि कणग्या रिकाम्या होतात. तेव्हा पाड्यावरची माणसे जमीनवाल्याच्या दारात यायची. दोन मण भात न्यायचे आणि मार्गशीर्षात तीन मण आणून घालायचे, याला दीडी म्हणत. ज्याला भरवसा नव्हता त्याच्याकडून काही गहाण घेत आणि ज्याला फेडता येत नसे तो अंगमेहनतीने फेडी. सगळ्या ठाणे जिल्ह्यात ही रीत होती, कुठे याहून फार भयंकर रूपात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगार बंद झाली, पण रीत कायद्याला विचारून मरत नाही. माझे आजोबा काही राक्षस नव्हते. एकादशी करायचे. मला खांद्यावर बसवून त्यांनी आजोबाच्या डोंगराची शिखरे दाखवली आहेत. आणि माझी शाळेची फी त्याच कणगीतल्या भातावर भरली गेली आहे. १९७२ साल महाराष्ट्रात कसे होते, हे मी वर्गात दुष्काळी वाङ्मय शिकवताना दरसाल सांगते.

पुडी बांधून मी पेटीत ठेवली. पेटी माळ्यावर गेली.

आता माझा लबाडपणा ऐका. त्याच हिवाळ्यात 'ख्रिस्तपुराणा'साठी म्हणून मी संदेष्ट्यांची पुस्तके ओळीने वाचत होते आणि यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायाशी येऊन पोचले. यहेज्केल हा यरुशलेमहून बाबेलला पकडून नेलेल्यांपैकी. इसवी सनापूर्वी ५९७ ची ती हद्दपारी. परक्या मुलखात बसलेले ते लोक आपसांत एक म्हण वापरत: द्राक्षे बापाने खाल्ली आणि दात मात्र लेकाचे आंबले, अशा अर्थाची. म्हणजे पाप वाडवडिलांचे आणि भोगतो आम्ही. यहेज्केल त्यांना निरोप देतो की, ही म्हण यापुढे बंद. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, मुलाच्या पापाचा बापावर नाही. ज्याचे त्याने भोगावे. नारदाने वाल्याला जे कळवले तेच हे!

ते वाचून मला इतके हलके वाटले की मी दुसऱ्या दिवशी वसईच्या बाईंना ते सांगितले. गोठांबद्दल अर्थात बोलले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी व्यक्तीच्या जबाबदारीचा केवढा आधुनिक विचार, वगैरे, वगैरे. बाई डबा खात होत्या. त्यांनी हात पुसून मोबाइलवर तो अध्याय काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही वरची यादी वाचली का? की निकालच वाचला?"

मी निकालच वाचला होता. त्या अध्यायात तीन पिढ्या आहेत. पहिला माणूस नीतिमान, त्याचा मुलगा उलट्या काळजाचा आणि त्याचा मुलगा बापाचे सगळे पाहून तसे न वागणारा. प्रत्येकाच्या वागण्याची यादी दिली आहे, भुकेल्याला भाकरी देतो की नाही, वाढीदिढी घेतो की नाही. आणि तिन्ही याद्यांत एक बाब न चुकता येते: गहाण. पहिला कर्जदाराचे गहाण परत करतो. दुसरा करत नाही. तिसरा ते अडकवून ठेवत नाही. म्हणजे बापाच्या पापातून सुटलेला जो मुलगा, त्याच्या सुटकेची एक खूण हीच की त्याच्या माळ्यावरच्या पेटीत दुसऱ्याचे काही नसते.

बाईंना माझा चेहरा दिसला असणार. त्या काही विचारत्या झाल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "आमचे काका सांगायचे, हिब्रूत परत फिरणं आणि परत देणं हे एकाच धातूचं आहे. शूव."

मराठीच्या बाईला कुठे मारावे, हे इतिहासाच्या बाईला बरोबर कळले होते. हिब्रूचे राहू द्या. आपल्याही भाषेत परत येणे आणि परत करणे यांत 'परत' एकच आहे, आणि वीस वर्षे मराठी शिकवून ते माझ्या ध्यानात आले नव्हते. आपला शब्द 'पश्चात्ताप'. मागाहून होणारा ताप. ताप अंथरुणात पडूनही येतो. परत फिरायचे तर उठून चपला घालाव्या लागतात.

पण मी उठले नाही. पुरती दोन वर्षे आणि वर काही महिने उठले नाही. कारणे हवी आहेत? ती बाई आता जिवंत कशाची असणार. भावाला काय वाटेल. आईला वाटेल, लेक सासऱ्याचे वाभाडे काढायला बसली. चांदीचा भाव वाढत होता आणि आपण एखाद्या दात्याच्या थाटात जाऊन उभे राहू, ही लाज. आणि सगळ्यांत सोयीचे कारण बायबलातूनच मिळाले: देव दयाळू आहे ना? मग झाले तर. दयेत हिशेब कसला?

याचे उत्तर मला दोन ठिकाणी सापडले. एक लूकच्या शुभवर्तमानात, जक्कयाच्या गोष्टीत. हा जकातदारांचा मुख्य, बुटका, येशूला पाहायला झाडावर चढून बसतो. मराठी बायबलाने त्या झाडाला उंबर म्हटले आहे, त्यामुळे तो मला आमच्या गावच्या ओढ्याकाठीच बसलेला दिसतो. येशू वर पाहून म्हणतो की, आज मी तुझ्या घरी उतरणार. एवढेच. ना उपदेश, ना झाडाझडती. आणि तो माणूस खाली उतरून आपणहून सांगतो की, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांचे लुबाडले त्यांना चौपट परत. दया आधी आली आणि हिशेब नंतर, आणि हिशेब मागितला तोही ज्याच्यावर दया झाली त्यानेच. दुसरी जागा पंडिता रमाबाईंची. तरुणपणी दुष्काळी वणवणीत आई, वडील, बहीण यांना उपासमारीने मरताना तिने पाहिले. पुढे १८८३ मध्ये तिने ख्रिस्ती धर्म घेतला, तिला हवी ती शांती खूप उशिरा मिळाली, आणि ती मिळाल्यावर तिने स्वस्थ बसावे ना! १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या पोरींना गोळा करून केडगावला घेऊन आली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अडाणी बायांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. १९२२ साली मरण आले तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते. मुक्तिसदनाच्या छापखान्यातून ते १९२४ मध्ये पूर्ण बाहेर पडले. शांतीवर समाधान मानणारी बाई इतकी कशाला धडपडली असती?

वसईच्या बाईंकडे हेच कोंबडीच्या रूपात होते. त्यांच्या गावी एकाने शेजाऱ्याची कोंबडी चोरून खाल्ली आणि चर्चमध्ये जाऊन पापनिवेदन केले. धर्मगुरू म्हणाले, देव क्षमा करतो. कोंबडी कधी देतोस? हा म्हणे, खाल्ली. मग दुसरी दे. हा म्हणे, शेजाऱ्याला कळेल ना! "तेच तर," धर्मगुरू म्हणाले.

यंदाच्या मे महिन्यात सुट्टीत मी डोळखांबला गेले आणि भावाला सांगितले. तो चिडेल असे वाटले होते. तो नुसता पायात वहाणा घालून म्हणाला, "चल. ऊन व्हायच्या आत."

पाडा गावापासून चालत पाऊण तासावर. वाटेत हंड्यांची रांग लागली, टँकरची वाट पाहत बसलेली. तुम्ही मुंबईत असाल तर जाता जाता एक सांगते: १८९२ पासून तानसाचे आणि पुढे भातसाचे पाणी आमच्याच तालुक्यातून तुमच्याकडे जाते. उन्हाळ्यात आमच्या कित्येक पाड्यांना टँकर लागतो. वाल्याच्या बायकोचे घर बरेच मोठे आहे. असो.

चिठ्ठीतली बाई केव्हाच वारली होती. तिची मुलगी भेटली, साठीच्या पुढची, सावलीत कुडाला टेकून बसलेली. भाऊ सवयीने "ए बाय" म्हणाला आणि मी "तुम्ही" म्हणाले. दोन्ही तिला सारखेच परके वाटले असावे. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. वाक्ये तयार करून नेली होती, ती सगळी वर्गातली निघाली. शेवटी पुडीच तिच्या पुढ्यात सोडली.

तिने गोठ उचलले नाहीत. चिठ्ठी उचलली. वाचता येत नव्हते; तिने ती उलटी केली आणि रेघांवरून बोट फिरवत गेली.

"ह्या माझ्या आयच्या," ती म्हणाली. "आवणीला जायची तुमच्यात. म्या बी जायची संगं. तुझा आजा सांच्याला रोज येक रेघ वढायचा. म्हनला, पंचवीस झाल्या की फिटलं." मग थोड्या वेळाने, "येक जास्ती भरली. पाऊस लागला व्हता, राप राह्यला, म्हनून गेली."

मी भावाकडे पाहिले नाही. दोन मण भाताचे कर्ज फिटलेले होते. एक दिवस वर देऊन फिटलेले होते. गहाण तरीही पेटीतच राहिले. मागायला आली असेल का ती? किती वेळा आली असेल? हे मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. पडवीत तंबाखू मळायचे थांबवून माझ्याकडे पाहणारे आजोबा मात्र तेव्हा मला स्पष्ट दिसले. नातीने वाल्याच्या घरचा भात मोजायला घेतला होता, हे त्यांना कळले होते.

तिने आम्हांला कोरा चहा दिला. गोठ तिने हातावर तोलून पाहिले, बाजारात तोलतात तसे, आणि घरात नेऊन ठेवले. 'माफ केले' असे ती म्हणाली नाही. असे म्हणायची पद्धत पुस्तकांत असते. आम्ही निघालो तेव्हा तिची नात, आश्रमशाळेत अकरावीला असलेली, आम्हांला वाटेपर्यंत सोडायला आली. चांगली धीट मुलगी होती. ती म्हणाली, "बाई, हे तुम्हांला कधी सापडलं?"

"तीन वर्षं झाली."

"माझी पणजी जाऊन दोनच वर्षं झाली," ती म्हणाली.

याला उत्तर नव्हते. चाळीस दिवसांची मुदत निनवेला पुरली होती. मला तीन वर्षे पुरली नव्हती. सापडले तेव्हा चपला घातल्या असत्या, तर ते गोठ ज्या हातांचे होते, त्यांत गेले असते. मी काही तरी पुटपुटले. मुलगी मान हलवून परत गेली, रागाने नाही, पण हसूनही नाही.

फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत आम्ही बसलो. समोर आजोबाचा डोंगर उन्हात पांढरा पडला होता. भाऊ बराच वेळ काडीने मातीत रेघोट्या ओढत होता. मग म्हणाला, "ताई, मी मागाहून ती पेटी पुन्हा उपसली होती. अजून दोन पुड्या आहेत."

"चिठ्ठ्या आहेत का त्यांत?"

"एकीत आहे," तो म्हणाला. "दुसरीत नुसत्या रेघा."